पत्र्याच्या खोलीतलं ओव्हरक्लॉकिंग: स्वस्त ग्राफिक्स कार्डातून चार फ्रेम जास्त कशा काढायच्या

जानेवारीतली रात्र होती. परभणीत गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत स्वेटर घालून बसलो आणि माझ्या जीटीएक्स १६५० या ग्राफिक्स कार्डाच्या कोअरचा, म्हणजे मुख्य चिपचा, वेग १५० मेगाहर्ट्झने वाढवला. दोन तास टेस्ट चालली, कार्ड ६२ अंशांच्या वर गेलं नाही, आणि मी स्वतःवर खूश होऊन झोपलो. एप्रिलच्या शेवटी भाचा सुट्टीला आला. त्याने दुपारी तीनला गेम लावला आणि दहाव्या मिनिटाला जिन्यातून हाक आली, "मामा, स्क्रीन काळं कामून झालं?"

कार्डाला काही झालं नव्हतं, पीसी बंद-चालू केल्यावर सगळं जागेवर आलं. चूक ऋतूची होती. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. जानेवारीत खोली २० अंशांवर आणि कार्ड ६२ वर, म्हणजे फरक ४२ चा. हाच फरक एप्रिलच्या ४० अंशांच्या खोलीत धरा, झाले ८२. पंखा जोरात फिरून त्यातले दोन-चार अंश वाचवेल, त्यापेक्षा जास्त नाही. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांची ठरवलेली तापमान मर्यादा ८३ असते. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात कार्ड काठावरच बसलेलं असतं.

म्हणून खालची पद्धत मराठवाड्याच्या हिशेबाने मांडली आहे. आधी धूळ, मग वीज, मग आकडे, आणि आकडा उन्हाळ्यात टिकला तरच तो आपला.

अपेक्षा किती ठेवायची

प्रत्येक चिप सारखी निघत नाही. कंपनीला सगळ्यात कमजोर चिपसुद्धा हमखास चालेल असा वेग छापावा लागतो, त्यामुळे बाकीच्या चिपांमध्ये थोडी जागा उरते. ती जागा शोधणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. स्वस्त कार्डात ती साधारण ५ ते १० टक्के मिळते. सेकंदाला ५२ फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवणारा गेम ५६ वर येईल. २२ फ्रेमने अडखळणारा गेम ओव्हरक्लॉक करून खेळण्याजोगा होणार नाही, त्याला सेटिंगमध्ये शॅडो कमी करणं हाच उपाय. आणि ४ जीबी मेमरी भरून गेम अडकत असेल तर इथलं काहीच कामाचं नाही.

लॅपटॉपवाल्यांनी हे सोडून द्यावं. तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स बहुधा एकाच हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, तापतात. त्यांच्यासाठी शेवटचा व्होल्टेज कमी करण्याचा भाग तेवढा पाहण्यासारखा आहे.

हातात कोणतं कार्ड आहे ते आधी बघा

जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर उतरवून चालवा. जुनं कार्ड घेतलं असेल तर हे फारच गरजेचं. जुन्या काळातल्या जीटीएस ४५० सारख्या चिपवर खोटा बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) टाकून ते जीटीएक्स १०५० टीआय या नव्या कार्डाच्या नावाने विकायचा धंदा बराच चालला. अशा ओळखीतल्या नकली कार्डांच्या नावापुढे जीपीयू-झेड थेट 'फेक' असं लिहून दाखवतं.

मग मेमरीचा प्रकार बघा. जीटीएक्स १६५० एप्रिल २०१९ मध्ये आलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ होती. पुढच्या वर्षी त्याच नावाने जीडीडीआर६ वालंही आलं. नाव एक, स्वभाव वेगळा, म्हणून मित्राच्या १६५० चे आकडे आपल्या १६५० ला लावू नका. तिसरी गोष्ट म्हणजे कार्डाला एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यातून, वेगळी वायर जाते की नाही. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. वायर नसलेलं १६५० किंवा १०५० टीआय असेल तर तुमची सगळी कमाई त्या ७५ वॉटांत बसवायची आहे.

वॉरंटी शिल्लक असेल तर पेटीतला कागद वाचून घ्या. कार्ड उघडण्याआधी तर नक्कीच.

धूळ

यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण आपल्याकडे अर्धं ओव्हरक्लॉकिंग इथेच होतं.

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, त्यानंतर कापसाची वेचणी, उन्हाळ्यात नांगरलेल्या काळ्या रानातून उठणारी वावटळ. शहरात राहिलात तरी हे सगळं घरात येतं. मी पहिल्यांदा माझं कार्ड उघडलं तेव्हा हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाचे तंतू आणि धूळ मिळून चक्क घोंगडीसारखा थर झाला होता. तो काढल्यावर त्याच खोलीत, त्याच पंख्यावर कार्ड नऊ अंश खाली आलं. एकही आकडा न बदलता.

पीसी बंद करा, वायर भिंतीतून काढा, कॅबिनेट अंगणात किंवा ओसरीवर न्या. छोट्या इलेक्ट्रिक ब्लोअरने धूळ उडवा. कार्डाच्या पंख्याची पाती मात्र बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने तो पंखा भन्नाट वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे नेऊ नका. त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि हवेबरोबर थेंब येतात.

कार्ड तीन-चार वर्षांचं असेल तर थर्मल पेस्टही बदला. मागचे स्प्रिंगवाले चार स्क्रू तिरक्या जोडीने थोडे-थोडे सैल करा, कार्डाचा कूलर उचलताना हिसका देऊ नका, कारण पंख्याची नाजूक वायर आत अडकलेली असते. मेमरी चिपांवर मऊ पट्ट्या असतील तर त्या जिथल्या तिथे राहू द्या. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी मध्यभागी ठेवा. जास्त लावली की जास्त थंड होतं, असं काही नाही.

आता खोली. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत डेझर्ट कूलर खोली चांगली उतरवतो, पण त्याचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. बारीक तुषार येतात, आणि बोअरचं पाणी असेल तर त्यातला क्षार पांढरा होऊन सगळीकडे बसतो. कूलर खिडकीत, कॅबिनेट समोरच्या भिंतीला, मागे वीतभर जागा. पत्र्याच्या खोलीपेक्षा खालची स्लॅबची खोली बरी, आणि गावाकडे माळवदाचं घर शाबूत असेल तर त्याहून बरं. तिथे दुपारीसुद्धा गारवा असतो, फक्त वरून माती झडते, तेवढं कॅबिनेटवर काहीतरी झाकण ठेवा.

वीज

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ओव्हरक्लॉकिंग बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं नावाला असतं.

एसएमपीएसवर '४५० वॉट' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. अँपिअरला १२ ने गुणलं की ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरला खरंच किती वॉट मिळणार ते कळतं. पेटीसारखा हलका, बिननावाचा एसएमपीएस असेल तर पैसे आधी तिथे घाला. रब्बीत गावाकडे मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली जातं, आणि ओव्हरक्लॉकची चूक समजून आपण दोन दिवस आकडे कमी करत बसतो. यूपीएस असू द्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटांपर्यंतचा भार घेतो, तोही काही मिनिटंच. त्यामुळे लाइट गेल्यावर खेळत बसायचं नाही, बंद करायचं.

मोजमाप आणि वही

आता सॉफ्टवेअर. कार्डाचा वेग, व्होल्टेज आणि पंखा बदलायचं एमएसआय आफ्टरबर्नर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. ते एमएसआयच्याच साइटवरून घ्या. २०२१ मध्ये हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइटवरून व्हायरसवाली प्रत पसरवली जात होती आणि कंपनीनेच तसा इशारा दिला होता. सोबत टेस्टसाठी युनिजिनचं हेवन किंवा सुपरपोझिशन घ्या.

काहीही न बदलता टेस्ट तीनदा चालवा. दर वेळी वहीत लिहा: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, स्कोअर, कार्डाचं सर्वाधिक तापमान, कोअरचा वेग. दहा रुपयांची वही पुरते. खोलीच्या तापमानाचा रकाना चुकवू नका, जानेवारीत मी तोच चुकवला होता.

टेस्ट चालू असताना जीपीयू-झेडच्या सेन्सर पानावर 'पर्फकॅप रीझन' नावाची ओळ दिसते. कार्ड आणखी वेगाने का धावत नाही, याचं उत्तर ती देते. 'पॉवर' असेल तर वॉट संपलेत, 'थर्मल' असेल तर तापलंय आणि परत धुळीच्या भागाकडे जा, व्होल्टेजशी संबंधित कारण असेल तर थंडपणा आणि वॉट दोन्ही शिल्लक आहेत. ही एक ओळ वाचायला शिकलात तर नुसते बाण ढकलणाऱ्यांच्या पुढे गेलात.

कोअर

आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटचा, म्हणजे कार्डाच्या वॉटच्या मर्यादेचा, बाण पूर्ण उजवीकडे न्या. वायर नसलेल्या बऱ्याच कार्डांत तो १०० वर कुलूपबंद असतो, मग तसाच राहू द्या. व्होल्टेजच्या बाणाला हात लावू नका. स्वस्त कार्डाच्या कूलरला तो झेपत नाही.

कोअर क्लॉक आधी अधिक ५० करा आणि टेस्ट चालवा. नीट चाललं तर दर वेळी २५ ने वाढवा आणि पाच-दहा मिनिटं बघा. एनव्हिडियाची ही कार्डं वेग साधारण १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी बदलतात, त्यामुळे एक-एक मेगाहर्ट्झ वाढवून काही हाती लागत नाही. अधिक १०० लिहिलं म्हणजे काय होतं? कार्डाकडे कोणत्या व्होल्टेजला किती वेग याचा एक आलेख असतो. तुम्ही तो सगळा आलेख वर उचलता. तेवढ्याच व्होल्टेजला जास्त वेग मागता. म्हणूनच पॉवर लिमिट कुलूपबंद असलेल्या कार्डालाही याचा फायदा होतो.

मर्यादा आली की चिन्हं दिसतात. पडद्यावर चमकते ठिपके किंवा त्रिकोण, टेस्ट आपोआप बंद होणं, किंवा दोन-तीन सेकंद काळा पडदा होऊन डेस्कटॉप परत येणं. त्या शेवटच्या प्रकारात कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर झटकून उठवलेला असतो. घाबरू नका, कार्ड यात जळत नाही. चिन्ह दिसलं त्या आकड्यातून ३० वजा करा आणि वहीत लिहा. माझ्या कार्डावर जानेवारीत १७५ ला ठिपके आले, म्हणून मी १५० वर ठेवलं. नियमाने १४५ ठेवायला हवं होतं, आणि एप्रिलचा विचार केला असता तर ११०.

मेमरी, जिथे खरी कमाई आहे

कोअर परत शून्यावर आणा. दोन्ही एकत्र वाढवलं तर चूक कोणाची ते कळत नाही.

जीडीडीआर५ वाल्या १६५० मध्ये मेमरीचा वेग आफ्टरबर्नर ४००१ दाखवतो, जीपीयू-झेड २००१, आणि पेटीवर ८ जीबीपीएस लिहिलेलं असतं. तिन्ही एकच गोष्ट आहे, मोजण्याची तऱ्हा वेगळी. दर सेकंदाला १२८ जीबी माहिती हे कार्ड मेमरीतून उचलतं, आणि बऱ्याच गेममध्ये ते तिथेच अडतं. आफ्टरबर्नरमध्ये अधिक ६०० चाललं तर हा आकडा १४७ च्या आसपास जातो, म्हणजे १५ टक्के वाढ. कोअरमध्ये एवढी वाढ या वर्गातल्या कार्डात मिळत नाही. शिवाय मेमरी वाढवल्याने उष्णता फारशी वाढत नाही, म्हणून आपल्या हवेला हाच मार्ग जास्त मानवतो.

दर वेळी १०० ने वाढवा. पण इथे एक फसवणूक आहे. या मेमरीत चूक ओळखण्याची सोय असते. वाचताना गडबड झाली की ती माहिती पुन्हा मागवली जाते. म्हणजे पडद्यावर एकही ठिपका दिसत नाही, आकडा मोठा दिसतो आणि फ्रेम मात्र कमी होतात. त्यामुळे मेमरीत डोळ्यांवर विसंबू नका, वहीतल्या स्कोअरकडे बघा. ५०० ला वाढला, ६०० ला वाढला, ७०० ला तिथेच थांबला, ८०० ला उतरला, तर तुमची मर्यादा ६०० धरा आणि ५०० वर समाधान माना.

दोन्ही एकत्र, आणि तेही दुपारी

आता दोन्ही आकडे एकत्र लावा. एकत्र आल्यावर कधी कधी कोअर १५-३० ने खाली आणावा लागतो.

बरेच जण इथे फरमार्क ही कार्डावर जबर भार टाकणारी टेस्ट लावतात. मी लावत नाही. ते कार्डाला इतकं राबवतं की वॉटची मर्यादा लागून वेग खाली पडतो, आणि मग कार्ड त्या आलेखाच्या खालच्या टोकाला आरामात तासभर चालतं. फरमार्कमध्ये पास झालेलं कार्ड साध्या गेममध्ये लोळण घेताना मी पाहिलंय, कारण हलक्या गेममध्ये वेग एकदम वर उडी मारतो आणि कमजोर जागा नेमकी तिथे असते. खरी परीक्षा म्हणजे दोन-तीन वेगळ्या गेमांचे एकेक-दोन तास. एक जड, एक हलका. वेळ दुपारी दोन ते चार, खोलीतला कूलर बंद करून. अंगाला घाम येईल, येऊ द्या.

हिवाळ्यात कार्ड घेतलंय आणि मे यायला वेळ आहे, तर खिडक्या लावून घ्या आणि आफ्टरबर्नरमध्ये पंखा थोडा कमी करून कार्ड मुद्दाम ८० पर्यंत तापू द्या. त्या तापमानाला आकडा टिकला तर उन्हाळ्यातही टिकायची शक्यता बरीच.

पंख्याची रेघही, म्हणजे किती तापमानाला पंखा किती जोरात, आताच ठरवा. माझी अशी: ५० अंशांपर्यंत ३० टक्के, ७० ला ६०, ८० ला ८५. आवाज होतो. पत्र्यावर पाऊस पडत असला तर कळतही नाही, पण घरात कोणी लातूरहून सुट्टीला येऊन नीटचा अभ्यास करत असेल तर आधी विचारून घ्या.

उन्हाळ्याचं प्रोफाइल: व्होल्टेज उतरवणं

माझ्या मते नवख्या माणसाने खरं तर इथून सुरुवात करावी. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबा, तो व्होल्टेज-वेगाचा आलेख उघडतो. माझं कार्ड १०५० मिलिव्होल्टला १८७५ च्या आसपास धावायचं. मी ९०० मिलिव्होल्टचा ठिपका १८०० वर उचलला, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच पातळीला आडवे केले आणि बरोबरचं, म्हणजे टिकचं, चिन्ह दाबलं. ७५ मेगाहर्ट्झ गेले. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ०.९ चा वर्ग ०.८१, १.०५ चा वर्ग १.१०. एवढ्यानेच चिपचा खर्च जवळपास चौथ्या हिश्शाने उतरतो. वर मेमरी अधिक ५०० ठेवली की गेलेल्या फ्रेम बहुतेक परत येतात, आणि मे महिन्यातल्या दुपारी कार्ड पंच्याहत्तरीतच राहतं.

तुमच्या कार्डाला ९०० ला १८०० झेपलं नाही तर ९२५ करून बघा. टेस्टची पद्धत वरचीच.

एएमडीचं कार्ड असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, त्यांच्या ॲड्रेनलिनमध्ये परफॉर्मन्सच्या खाली ट्यूनिंगचं पान आहे, तिथे व्होल्टेज आणि वेग दोन्ही मिळतात. आरएक्स ५७० आणि ५८० सारखी जुनी कार्डं कंपनीतूनच जरा जास्त व्होल्टेजवर आलेली असतात, त्यांना हा उपाय फार लागू पडतो. ती कार्डं जुन्या बाजारातून आली असतील तर क्रिप्टो मायनिंगवर राबून, बदललेला बायोस घेऊन आलेली असू शकतात. बायोस मूळचा करून घेतल्याशिवाय त्यांची मेमरी वाढवत बसू नका.

प्रोफाइल साठवताना

आफ्टरबर्नरमध्ये पाच घरं आहेत. पहिल्यात थंडीचे आकडे, दुसऱ्यात उन्हाळ्याचे, तिसऱ्यात सगळं शून्य. विंडोज सुरू होताच आकडे लागू करण्याचं बटण आठवडाभर दाबू नका. घाई केलीत आणि पीसी सुरू होताच काळा पडू लागला, तर विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करा आणि आफ्टरबर्नर काढून टाका. आकडे त्या सॉफ्टवेअरबरोबरच जातात, कार्डात काही कोरलं जात नाही.

ड्रायव्हर नवा टाकला की टेस्ट परत. सोयाबीनची मळणी उरकली की ब्लोअर परत. भाच्याने आता कॅबिनेटवर खडूने लिहून ठेवलंय: होळीला २ नंबर, दिवाळीला १ नंबर. जून-जुलैत काय ठेवायचं यावर आमचं अजून एकमत नाही. तो म्हणतो पाऊस पडला की लगेच १, मी म्हणतो पत्रा गार होईपर्यंत २ च राहू दे.